कीर्द

फॉल रिव्हरमधल्या या दगडी घरात
मला आठ खोकी दिली, एक पेन्सिल दिली,
इथं शाई चालत नाही म्हणाले,
आणि एकशे एकोणपन्नास वर्षं दिली.
बिशपच्या कचेरीला यादी हवी आहे जूनच्या आत.
जुलैत लिफ्ट बसणार,
प्रार्थनाघराचे दोन फ्लॅट होणार.

यांचं खरं नाव लांबलचक, फ्रेंच,
शिक्क्याच्या गोलात कसंबसं मावलेलं.
गाव म्हणायचं, शिळ्या पावाच्या सिस्टर.
रोज संध्याकाळी बेकरीच्या मागच्या दाराशी
दोघी उभ्या राहायच्या, पिशवी पसरून, गप्प.

पहिलं पान, नोव्हेंबर १८७४.
क्वेबेकहून पाच जणी निघाल्या, चार पोचल्या.
पाचवीबद्दल एवढंच:
परतीचं तिकीट, दोन डॉलर दहा.
जमा: घंटा एक, तडा गेलेली. ब्लँकेटं तीन.
नावे: कोळसा. कोळसा. कोळसा.
कोंबडी, गिरणीतल्या आजारी पोरीसाठी.

माझे वडील वसईला सुकेळी विकायचे.
रात्री कीर्द लिहिता लिहिता म्हणायचे,
माणूस बोलताना खोटं बोलतो, खर्च करताना नाही.
मला वाटायचं, गिऱ्हाइकांबद्दल बोलताहेत.

सिस्टर ऑर्तांसचं अक्षर पुढं झुकलेलं,
गाडी सुटेल या भीतीनं चालल्यासारखं.
ऑक्टोबर १९१८, साथीचा महिना,
"कापूर, चौदा" इथपर्यंत ते झुकलेलं आहे,
"पौंड" मात्र ताठ, गोल, दुसऱ्या कुणाचं.
खाली: पाइनच्या शवपेट्या, नऊ.
ती गेली असं कुठेच लिहिलेलं नाही.
पुढच्या महिन्यात एक नोंद:
सिस्टर ऑर्तांसचे बूट, धाकटीला बसतात.
खर्च नाही.

मग गिरण्या बंद पडतात,
पावाच्या ओळी लांबत जातात,
अनाथाश्रमाची वही वेगळी होते, काळ्या कापडाची.
१९३१. पलंग चौदा. मुलगा, वय सात.
हट्टी. पोर्तुगीजमध्ये बोलला.
कपाटात, दोन रात्री.
खर्चाच्या रकान्यात शून्य,
नीट, गोल, शाई न सांडता काढलेलं.

त्या दिवशी मी पुढचं खोकं उघडलं नाही.

१९६८च्या उन्हाळ्यात अकरा जणी सोडून गेल्या.
वहीत रडणं नाही, भांडण नाही.
"आजपासून पाव कमी आणावेत."
त्यातलीच एक दर गुरुवारी यायची म्हणे,
पॅन्ट घालून, बॉयलर दुरुस्त करायला.

हे सांगतात सिस्टर लिओकाडिया फुर्तादो,
वय एक्क्याण्णव, उरलेल्या तिघींतल्या एक.
माझं आडनाव तुस्कानो ऐकून विचारलं,
कुठल्या बेटावरची तू?
बेट नाही सिस्टर, वसई.
त्यांनी मान डोलावली,
जणू वसई म्हणजे अझोर्सच्या जरा पलीकडे,
बोट लवकर सुटली तर दुपारपर्यंत.

मी काळी वही त्यांच्यापुढे ठेवली.
बराच वेळ त्यांचं बोट त्या शून्यावर.
म्हणाल्या, आला होता तो.
मी स्वयंपाकघरात होते तेव्हा,
केस पिकलेले, हातात टोपी.
सूप मागितलं, प्यायला,
वाटी स्वतः धुऊन पालथी घातली.
म्हणाला, इथं एक कपाट होतं.
मी म्हटलं, हो, झाडू असतात त्यात.
मला ठाऊक नव्हतं गं.
ही वही तेव्हा वाचायला हवी होती.

मग माझ्या हातातली पेन्सिल बघून म्हणाल्या,
हे पान शाईनं लिही यादीत.

मी लिहिलं. पलंग चौदा. त्याचं नाव
कुठल्याच वहीत नाही, म्हणून जागा सोडली.
शेवटच्या वहीची शेवटची ओळ त्यांच्याच हातची,
थरथरती: पाव, एक, कालचा, अर्ध्या किमतीत.
खाली शिल्लक मांडायची राहिली आहे.

सिस्टर, इथं काय लिहू?

त्या कोटाची बटणं लावत होत्या.
नंतर बघू, म्हणाल्या.
चार वाजले. बेकरी बंद होईल.